हीटर वाढवतंय कोण?

अमेरिकेतल्या आमच्या बेलव्ह्यूमध्ये गुन्हेगारी कमी आहे. त्याचं श्रेय पोलीस घेतात आणि मी मोठ्या मनाने घेऊ देतो. मी गुरुनाथ खांबेटे. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, शनिवार-रविवारी माणसांमधल्या. समोरच्याच्या बुटांवरून मी त्याचा पगार सांगू शकतो. अजून एकदाही बरोबर आलेला नाही, पण पगाराबाबत लोक खोटं बोलतात हे जगजाहीर आहे.

माझा सहायक सिद्धेश. त्याची बुद्धी बेताची, पण त्याच्याकडे गाडी आहे. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी तीनदा नापास झालो, कारण परीक्षकाच्या चेहऱ्याचं निरीक्षण करताना माझं रस्त्याकडे दुर्लक्ष होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी चंद्रशेखरकाकांचा फोन आला. आमच्या मराठी मंडळाची सुतारकामाची सामायिक कार्यशाळा काकांनीच उभी केली. काकू गेल्यापासून ते दिवसभर, संध्याकाळी बाकीचे सभासद येईपर्यंत, तिथेच असतात. रंधा मारताना गप्पा मारतात, एरवी फारसे बोलत नाहीत.

"गुरुनाथ, कोणीतरी रोज जाताना हीटर चढवून ठेवतंय," काका म्हणाले. "सकाळी येतो तर आत अठ्ठ्याऐंशी फॅरनहाइट. मी उतरवतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बिल दुप्पट झालंय. आपली सेक्रेटरी रेणू म्हणते, फेब्रुवारीत कमी झालं नाही तर मार्चपासून कुलूप."

"काका, केस माझ्याकडे आली म्हणजे सुटलीच समजा."

"म्हणूनच आधी दुसऱ्या तिघांना विचारलं," काका म्हणाले. "पण ते स्कीइंगला गेलेत."

आम्ही पोचलो तेव्हा बाहेर बोचरा पाऊस होता आणि आत नागपूरचा मे महिना. हीटरच्या थर्मोस्टॅटच्या वर एक सोयीचा खिळा होता. त्यावर आधीच काहीतरी टांगलेलं होतं. त्याच्यावरच मी माझा ओव्हरकोट अडकवला आणि तपासाला लागलो.

पहिला पुरावा लगेच मिळाला. कामाच्या टेबलावर पांढरा, कुरकुरीत चुरा पडला होता.

"भरपूर उष्णता आणि पांढरा चुरा," मी म्हणालो. "सिद्धेश, इथे कोणीतरी चोरून पापड वाळवतंय." मी चिमूटभर तोंडात टाकला.

"यार, तो ग्लू आहे," सिद्धेश म्हणाला.

पुढची दहा मिनिटं मी तपास खुणांनी केला.

दुसरा पुरावा खिडकीत होता. कुंडीत कढीपत्ता, आणि कुंडीवर नाव रेणूचं. बेलव्ह्यूत मुलं कॉलेजला गेली की लोक कढीपत्त्यात जीव गुंतवतात, आणि थंडीत त्याला जगवायला काय वाट्टेल ते करतात. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अकरा वाजता रेणू आत आली, तशी मी तिची वाट अडवली.

"कढीपत्त्यासाठी हीटर तूच चढवतेस. कबूल कर, म्हणजे शिक्षा कमी होईल."

"शिक्षा देणार कोण?"

याचा मी विचार केला नव्हता.

"कुंडीचं माप घेऊन काका स्टँड बनवतायत, म्हणून ती परवा आणली," रेणू म्हणाली. "बिल नोव्हेंबरपासून वाढतंय. आणि याचं एक पान कमी कसं?"

"पुरावा म्हणून जप्त केलंय."

"दाखव."

सिद्धेशने माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं. ग्लूची चव जायला काहीतरी हवंच होतं.

मी विषय बदलला. "जाताना तू हीटरचं काय करतेस?"

"पाटीप्रमाणे करते, दुसरं काय?"

सिद्धेशने इतर सभासदांना फोन लावले. सगळ्यांचं उत्तर तेच: पाटीप्रमाणे करतो. मी वहीत नोंद केली, 'सर्वांचा जबाब शब्दशः एकच. अर्थात हा कट आहे.' पण कटाला सूत्रधार लागतो, आणि तक्रार करणाराच गुन्हेगार निघतो असं माझा अनुभव सांगतो. अनुभव नसला तरी सांगतो.

"काका," मी म्हणालो, "तुम्ही इथे एकटे असता. थंडी सोसत नाही. नकळत तुमचाच हात हीटरवर जात असेल."

काकांनी रंधा खाली ठेवला. टेबलावरचा भुसा हाताने एका बाजूला सारला.

"असेल," ते म्हणाले. "हल्ली विसरायला होतं खरं. रेणू, मार्चपर्यंत कशाला थांबायचं? किल्ली आजच घे."

माझ्या कारकिर्दीतला तो पहिला कबुलीजबाब. मला अजिबात बरं वाटलं नाही. रेणूलाही वाटलं नसावं, कारण किल्ली घ्यायला तिने हात पुढे केला नाही.

एवढ्यात केया आली. ती जनावरांची डॉक्टर. जन्म इथलाच, मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात शिकलेली.

"इट्स सो हॉट," ती म्हणाली. "हा कोट कुणाचा आहे? पाटी दिसतच नाही."

तिने माझा कोट काढून माझ्या हातात दिला. खाली काकांच्या वळणदार अक्षरातला पुठ्ठा होता. केयाने एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं, "शेवटी जाणाऱ्याने हीटर वाढवून जावे."



"मी नेहमी करते," केया म्हणाली. "प्लस ट्वेंटी. मला वाटलं, पाइप फ्रीझ होऊ नयेत म्हणून."

"मलाही तसंच वाटलं," रेणू हळूच म्हणाली.

"अगं, वाढवून म्हणजे बंद करून," काका म्हणाले.

"काका, वाढवणे मीन्स इन्क्रीज."

"सावंतवाडीला आमचं लाकडी खेळण्यांचं दुकान होतं. 'दुकान बंद करू का' असं विचारलं की आई जेवायला वाढायची नाही. अशुभ बोलायचं नाही. दुकान वाढवायचं, दिवा वाढवायचा. म्हणून थंडी सुरू झाल्यावर मी हीटरचंही तसंच लिहिलं."

म्हणजे नोव्हेंबरपासून मंडळाचे सभासद एका सूचनेचं तंतोतंत पालन करत होते. मंडळाच्या इतिहासात हे प्रथमच घडलं होतं.

"मला हीच शंका होती," मी म्हणालो. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. सिद्धेश नवी पाटी लिहीत होता: 'जाताना हीटर पंचावन्नवर.'

फेब्रुवारीचं बिल निम्म्यावर आलं. मंडळाची मीटिंग संपवून रेणू थेट कार्यशाळेत आली. काका एक खुर्ची जोडत होते. केया त्यांना खुर्चीचा एकेक पाय धरून देत होती आणि मी देखरेख करत होतो.

"काका, एकमताने ठरलं," रेणू म्हणाली. "कार्यशाळा वाढवायची."

काकांचा हात थांबला. त्यांनी गळ्यातला एप्रन काढला, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवला. त्यांना उकडत असावं, असं अनुमान मी काढलं.

"बरं," काका म्हणाले. "तुम्ही पोरांनी खूप केलंत."

"नो, नो, काका," केया घाईने म्हणाली. "इन्क्रीज. इन्क्रीजवालं वाढव."

काकांनी रेणूकडे पाहिलं.

"शेजारचा गाळापण घेतोय," रेणू म्हणाली. "सभासद वाढलेत. शनिवारी शिकवायला तुम्ही हवे आहात."

काका मटकन खुर्चीवर बसले. तिचा चौथा पाय केयाच्या हातात होता. ते सावकाश, खुर्चीसकट भुशात आडवे झाले. आम्ही तिघं धावलो, पण त्यांना उठायची घाई नव्हती.

"केवढा आहे तो गाळा?" त्यांनी खालूनच विचारलं.