साडेसातचं टेंगूळ

पागधरे काकांना कोणी नुसतं "बरं वाटत नाही" म्हटलेलं चालत नसे. समोरचा कपाळ धरून उभा असला तरी काका त्याच्या तोंडाकडे बघत नसत. हवेत बोटाने एक रेघ ओढायचे आणि विचारायचे, "कवापासून? अशी चढते का अशी उतरते?"

एकदा आमच्या मुकादमाची दाढ ठणकत होती. त्याने वैतागून बोटाने पार छतापर्यंत रेघ काढून दाखवली. काका खूश झाले. "मंग उद्या उतरंल. येवढी वर गेलेली रेघ वर नाय राहत." दुसऱ्या दिवशी ठणका उतरला. मुकादम काही ते सांगायला आला नाही, पण काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवली.

काका किनाऱ्यावरच्या दांडी गावचे. घरच्यांची होडी होती, पण काकांना लहानपणापासून होडी लागायची. समुद्रावर गेले की ओकायचे. म्हणून ते तारापूरच्या कारखान्यात आले आणि कंट्रोल रूममध्ये बसले ते बसलेच. मी त्याच कंट्रोल रूमची लादी पुसते आणि चहा देते. ठेकेदाराकडून आहे. पाम गावाहून रोज रिक्षाने येते. अकरा वर्षं झाली. माझं शिक्षण चौथी, आणि चार माणसांत मला बोलता येत नाही. त्यामुळे अकरा वर्षं मी ऐकतच आले.

कंट्रोल रूम म्हणजे काय ते सांगते. थंडगार खोली, टेबलावर चार पडदे. तीन पडद्यांवर आत्ता कारखान्यात काय चाललंय ते दिसतं. चौथ्यावर मागचं. कुठली टाकी काल किती भरली होती, परवा किती तापली होती, कुठला धोक्याचा हॉर्न किती वाजता वाजला आणि तो कोणी बंद केला, हे सगळं त्या मशीनच्या पोटात साठून राहतं. मागे सरकवत गेलं की त्याच्या रेघा दिसतात. बाकीचे ऑपरेटर काही बिघडलं तरच चौथा पडदा बघतात. काका तोच बघत बसायचे. कोणी काही सांगायला आलं की त्यांचं ठरलेलं, "तोंडचं नको सांगू. मागं जाऊन बगू."

कँटीनची डाळ पातळ झाली अशी सगळ्यांची कुरकुर होती. काकांनी कुरकुर केली नाही. रोज काचेच्या पेल्यात डाळ घेऊन ती तशीच ठेवायचे, खाली बसली की पट्टीने मोजायचे आणि लॉगशीटच्या पाठकोऱ्या बाजूला टिंब टाकायचे. तीन महिन्यांनी तो कागद घेऊन कँटीनवाल्यासमोर उभे राहिले. "दिवाळीपासून घसरण हाय. ह्या गतीनं होळीला निस्ता पाणी." कँटीनवाला म्हणाला, "काका, आप खाना खाने आते हो कि सर्वे करने?" पण दुसऱ्या दिवशी डाळ घट्ट आली. काकांनी ते टिंबही टाकलं.

हॉर्नचं त्यांचं वेगळंच शास्त्र. आमच्याकडे हॉर्न दिवसभर वाजतो. मला तर घरी जेवतानाही कानात वाजल्यासारखा वाटतो. माझा नवरा डाय, म्हणजे साचे, बनवायचं बारीक काम करतो, त्याचे डोळे थकलेत. माझे कान थकलेत. जेवायला बसलो की दोघांची मिळून एक तक्रार होते. काकांनी मात्र हॉर्नच्या जाती लावल्या होत्या. चार नंबरच्या पंपाचा हॉर्न "रडका". तो तासाला दहा वेळा वाजायचा, कारण काही नसायचं. काका त्याच्याकडे न बघता बटण दाबायचे, "गप रं रडक्या." एक "मुका" होता. त्याची रेघ कायम सरळ. नवीन साहेब एकदा कौतुकाने म्हणाले, "ये देखो, कितना नॉर्मल है."

काका म्हणाले, "साहेब, सरळ रेघेला मी भितो. जित्या गोष्टीची रेघ हालते. हा सेन्सर मेला हाय."

उघडून बघितलं तर खरंच मेला होता.

मी नवीन असताना माझ्यामुळेही हॉर्न वाजायचा. लादी पुसायला मी सकाळी साडेसातला यायचे. दार आपोआप बंद होतं, म्हणून आत-बाहेर करताना त्याला बादली लावून ठेवायचे. पाच मिनिटांत मोठा हॉर्न वाजायचा. मी दचकायचे. दोनदा तर पाणी सांडलं. कशाचा हॉर्न ते विचारायची मला हिंमत नव्हती. मग महिन्याभरात तो वाजायचा बंद झाला. मला वाटलं, मशीनला माझी सवय झाली असेल.

काका माझ्याशीही फार बोलत नसत. चहा ठेवला की कपाकडे बघून "हं" म्हणायचे. आठवड्यातून एखादं वाक्य. एकदा मी सुट्टीनंतर आले तर म्हणाले, "काल आयतवार व्हता." मी म्हटलं, "हो." संपलं. आणखी एकदा स्वतःहून म्हणाले, "सुमन, आमच्या घरात चौदा माणसं हायत. मी कवा येतो नि कवा जातो ते कुत्र्याला पण ठाऊक नाय." आणि हसले. मीही हसले. विनोदच वाटला मला तो.

आता त्या सकाळचं सांगते.

माझी रिक्षा वाटेत पंक्चर झाली. मी चालत निघाले आणि धापा टाकत पोचले तेव्हा आठला आठ कमी होते. नेहमीसारखी दाराला बादली लावली, आधी टेबल पुसायला घेतलं. काका चौथ्या पडद्यासमोर होते. मला बघून त्यांनी खुर्ची टेबलाकडे फिरवली, पडद्यांवर नजर टाकली आणि एकदम ओरडले, "अरे टाकी!" मी फडकं हातात घेऊन तशीच उभी. ते धावत बाहेर गेले.

ॲसिडची टाकी भरून वाहायला लागली होती. काकांनी स्वतः जाऊन हाताने वॉल्व बंद केला. कोणाला लागलं नाही, पण टाकीभोवतीचा सगळा हौद भरला, धूर झाला आणि माणसं पाण्याचे पाइप घेऊन धावली. तेवढ्यात साहेब कंट्रोल रूममध्ये आले, मागे मुकादम. साहेबांनी मशीनमध्ये बघितलं. टाकीचा हॉर्न सात शेहेचाळीसला वाजला होता आणि त्याच मिनिटाला कोणीतरी बटण दाबून तो बंद केला होता.

साहेबांनी टेबलाकडे बघितलं. टेबल ओलं. माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात फडकं.

"कीबोर्ड पोंछा तूने?"

मी मान डोलावली. पुसला तर होताच. पण आठला आठ कमी असताना, हे सांगायला पाहिजे होतं.

मुकादम पुढे झाला. "बाई, तुला शंभर वेळा सांगितलंय, बटणांना हात लावू नको. बोल ना! मुकी आहेस का?"

मी लादीकडे बघत राहिले.

साहेब त्याला म्हणाले, "कल से दूसरी भेजो."

मुकादम मला म्हणाला, "ऐकलंस ना? उद्यापासून येऊ नको. कार्ड गेटवर ठेवून जा."

एवढंच. अकरा वर्षांचं काम, आणि ते जायला दोन वाक्यं लागली. त्या क्षणी मला रडूही येत नव्हतं. फक्त खूप दमल्यासारखं वाटलं. बादली उचलायला गेले तर ती जड लागली.

तेवढ्यात काका आले. गमबूट ओले, डोळे लाल. त्यांनी मुकादमाला विचारलं, "काय झाला?" मुकादमाने सांगितलं, बाईने बटण दाबलं.

"कोन बोलतो?"

"अहो, दिसतंय ना! टेबल ओलं, फडकं हातात."

"तोंडचं नको," काका म्हणाले. "मागं जाऊन बगू."

ते खुर्चीत बसले. मला वाटलं, टाकीची रेघ काढतील. त्यांनी भलतीच रेघ काढली. त्या खोलीत मशीनची कपाटं आहेत, ती तापू नयेत म्हणून दाराच्या वर एक सेन्सर लावलाय. खोली किती थंड, किती गरम, ते तो लिहीत असतो. त्याची ती रेघ. आडवी, शांत, आणि मध्येच एका जागी वर उठून पुन्हा खाली बसलेली.

"हा काल सकाळी साडेसात," काका म्हणाले. "हा परवा साडेसात. हा तेरवा. बाकीची माणसं दार उघडतात नि आत शिरतात, त्याची निस्ती सुई उठते. ही दाराला बादली लावते. गरम हवा आत येते. मंग असं रुंद टेंगूळ येतं. ह्या कारखान्यात असं टेंगूळ दुसरं कोनाचं नाय."

मग त्यांनी त्या दिवसावर बोट ठेवलं. साडेसातला रेघ सपाट होती. टेंगूळ होतं सात बावन्नला.

"हॉर्न बंद झाला सात शेहेचाळीसला. तवा ही दाराच्या भायेर. रस्त्यावर कुठं तरी."

साहेबांनी विचारलं, "तो फिर बटन किसने दबाया?"

"मी दाबला," काका म्हणाले. "चार नंबरचा रडका वाजला असं वाटला. न बगता दाबला. टाकीचा व्हता."

"आप यहीं बैठे थे। स्क्रीन सामने थी। देखा क्यों नहीं?"

"दुसरी रेघ बगत व्हतो."

"कौन सी?"

काकांनी आत्ता उघडलेली रेघ बाजूला केली, तर मागे ते धावत जाण्याआधी जे बघत होते ते तसंच उघडं होतं. हीच रेघ, पण अख्ख्या वर्षाची दाबून बसवलेली. टेंगूळ, टेंगूळ, टेंगूळ, सहा टेंगळं आणि एक सपाट रविवार. पुन्हा सहा. मुलीच्या बाळंतपणाला मी दहा दिवस गेले होते ती जागासुद्धा दिसत होती, सगळी सपाट.

"साडेसात वाजून गेले, रेघ उठली नाय," काका साहेबांना रीडिंग सांगावं तसं म्हणाले. "येवढा उशीर हिला मागं कवा झालाय का, ते बगत व्हतो."

चार नंबरचा रडका वाजला. या वेळी काकांनी आधी बघितलं, मग बटण दाबलं.

साहेब चिडलेच होते. त्यांनी त्याच रेघेची सगळी माहिती उघडायला लावली. म्हणाले, या खोलीचा हॉर्न चोवीस डिग्रीला वाजायला हवा, हा सव्वीसवर कसा? कोणी बदलला? मशीनला तेही आठवत होतं. अकरा वर्षांपूर्वी, पागधरे. फॉर्म भरून, तेव्हाच्या साहेबांची सही घेऊन. कारणाच्या जागी काय लिहिलंय ते साहेबांना कळेना, कारण ते मराठीत होतं. ते मी वाचलं.

"लादी पुसणारी बाई दचकते."

मशीनला माझी सवय झालेली नव्हती तर.

माझं काम राहिलं. काकांना मेमो मिळाला. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं म्हणून घरी पाठवलं नाही, पण कंट्रोल रूममधून काढलं आणि पलीकडच्या ऑफिसच्या इमारतीत रिपोर्ट काढायला बसवलं. तिथे एकच पडदा आहे, मागचं बघायचा. त्यावर सगळ्या रेघा दिसतात, पण बटण कुठलंच दाबता येत नाही. ऑफिसमध्ये चहाला दुसरी बाई आहे. माझं त्या बाजूला जाणं होत नाही.

साहेबांनी सगळे हॉर्न पहिल्या आकड्यांवर नेऊन ठेवले. त्यामुळे दुसऱ्या सोमवारी मी दाराला बादली लावली आणि पाच मिनिटांत मोठा हॉर्न वाजला. काकांच्या जागी आलेला ऑपरेटर म्हणाला, "मावशी, दार लावा ना, किती वाजतंय ते!"

मी दचकले नाही. बादली तिथेच राहू दिली. दाराजवळची लादी आधीच स्वच्छ होती, ती मी पुन्हा एकदा पुसली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग बादली उचलली.

संध्याकाळी गेटवर कार्ड दाखवायच्या रांगेत काका माझ्या पुढे होते. हातात सायकल. मागे वळून बघितलं नाही.

"आज दोन मिन्टं जास्त व्हती," ते म्हणाले.

रांगेत माणसं होती. माझा आवाज फुटणार नाही असं मला वाटलं. पण फुटला.

"लादी मळली होती, काका."

"हं," काका म्हणाले आणि सायकल ढकलत दांडीच्या रस्त्याला लागले.