धुराची मोजणी

तपासनीस बाई सलग तिसऱ्या दिवशी चिमणीखाली यंत्र मांडून बसल्या होत्या आणि चिमणीतून साधी वाफसुद्धा निघत नव्हती.

"अहो, सुरू करा ना एकदा!" त्या म्हणाल्या.

"वरच्या हुकुमाशिवाय नाही करता येत, बाई," पाळीप्रमुख थकून म्हणाले. त्यांचं गॅसवरचं वीजकेंद्र शहराला वीज कमी पडली, तरच चालायचं. एरवी ते रुसलेल्या जावयासारखं बसून राही. त्यात हवा पडलेली गार. विजेला मागणीच नव्हती. आणि उद्यापर्यंत धूर मोजून झाला नाही, तर केंद्राला टाळं लागणार होतं.

दुपारी बायकोचा फोन आला. "आज तरी वेळेवर येणार का?"

"वसाहतीतल्या सगळ्यांनी इस्त्र्या, गीझर एकदम लावले तर येईन!" ते वैतागून बोलून गेले.

बायकोने ते मनावर घेतलं. तासाभरात वसाहतीचा ट्रान्सफॉर्मर धडाड्‌दिशी उडाला. व्यवस्थापकांचं घरही वसाहतीतच होतं. त्यांनी फोनवर पाळीप्रमुखांची खरडपट्टी काढली. ती ऐकत असतानाच दुसरा फोन खणखणला. दूरचं एक मोठं वीजकेंद्र अचानक बंद पडलं होतं. "ताबडतोब सुरू करा!"

टर्बाइन घरघरलं. चिमणीतून पिवळट धूर निघाला. बाईंचा चेहरा खुलला, मग यंत्राकडे पाहून पडला.

"हे तर मर्यादेच्या दुप्पट आहे!"

"सुरुवातीला असतंच तसं. तासाभरात निवळेल."

विसाव्या मिनिटाला बंद करायचा हुकूम आला.

"लिहू का हे असंच?" बाईंनी विचारलं.

पाळीप्रमुखांनी कपाळावरचा घाम पुसला. खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं. "लिहा. अकरा वर्षं बघतोय. वीस-पंचवीस मिनिटांच्या वर चालवतच नाहीत कधी. निवळायला वेळ मिळतो कुठे?"

संध्याकाळी ते घरी पोहोचले, तेव्हा वसाहतीत अंधार होता. घरात काही दिसेना म्हणून सगळ्या बायका व्हरांड्यात येऊन बसल्या होत्या.

"सुरू झालं ना?" बायकोने विचारलं.

"झालं."

"बघा! आमच्यामुळेच!" ती शेजारणींकडे वळून म्हणाली. तिकडे कौतुकाची कुजबुज झाली. मोठ्या केंद्राची गोष्ट समजावून सांगण्याइतका जीव पाळीप्रमुखांत उरला नव्हता.

"हो, तुमच्यामुळेच," ते बूट काढत म्हणाले. "पण मोजणीत नापास झालो. धूर दुप्पट निघाला. आता वर चौकशी बसेल."

शेजारणी जरा मागे सरकल्या.

"माझी इस्त्री तर गेल्या महिन्यापासून बिघडलीये हो," अंधारातून एक आवाज आला.

"आणि आम्ही दुपारभर झोपलो होतो," दुसरा म्हणाला.

बायकोने हळूच त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि विचारलं, "मी फोन केला होता, हे कुठे लिहिलंय का?"