बगळेसाहेबांचं तळं

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. विचारलंत तर मला ते नकाशात नाही असं सांगावं लागेल, आणि मला खोटं बोलायचा कंटाळा आहे.

त्या जंगलाची एक जुनी रीत होती. उन्हाळा लागायच्या आधी सगळे प्राणी तळ्यावर जमायचे आणि गाळ उपसायचे. अस्वल नखांनी, सांबर खुरांनी, रानडुकरं मुसकटानं. मग वर्षभर सगळे पाणी प्यायचे. याला कुणी योजना म्हणत नव्हतं. बिचाऱ्यांना तेवढं शिक्षणच नव्हतं!

एकदा सिंहमहाराज लांबच्या जंगलात परिषदेला गेले. सगळ्या जंगलांचे राजे आले होते. महाराज जेवले, भाषणं चालू असताना घोरले आणि येताना एक शब्द घेऊन आले. शाश्वत विकास.

"म्हणजे काय, महाराज?" अस्वलानं विचारलं.

"म्हणजे महामंडळ," महाराज म्हणाले.

झालं! तळे संवर्धन महामंडळ निघालं. अध्यक्ष नेमला बगळा. का म्हणाल, तर कपडे पांढरेशुभ्र, आणि काहीही न करता तासन्‌तास एका पायावर उभं राहायचा अनुभव दांडगा.

बगळेसाहेबांनी पहिल्याच दिवशी गाळ उपसणं बंद केलं. ते आता सरकारी काम होतं, येऱ्यागबाळ्यानं करायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तळ्याला काटेरी कुंपण पडलं.

भागी नावाची एक रानडुकरीण होती. तिची बाकीची पिल्लं दांडगट होती, एकटी धाकटी चिंगी तेवढी तोळामासा. नदी पार डोंगरापलीकडे. तिथवर चिंगीच्यानं चालवेना. भागी तिला घेऊन कुंपणापाशी आली.

"साहेब, पोरीला घोटभर पाणी पाजू द्या."

बगळेसाहेबांनी एक डोळा उघडला. "बाई, पाणी प्यायलं की संपतं. संपलं तर ते शाश्वत कसं राहील?"

"मग ठेवलंय कुणासाठी?"

"पुढच्या पिढीसाठी."

भागीनं चिंगीला पुढं ढकललं. "ही घ्या पुढची पिढी. घसा सुकलाय तिचा."

साहेबांनी चिंगीला नीट न्याहाळलं. "छे, छे. ही जन्मली ना? मग ही चालू पिढी झाली. आम्ही जी अजून जन्मली नाही तिच्यासाठी राबतो."

असं म्हणून त्यांनी पाण्यात चोच घातली आणि एक मासा गिळला. ती पाहणी होती.

ऊन वाढलं. गाळानं उथळ झालेलं तळं आटायला लागलं. साहेबांनी सूर्याला नोटीस काढली. सूर्य रोज हजर राहिला, पण खुलासा काही दिला नाही. पाणी आटलं तसे मासे एका डबक्यात गोळा झाले आणि साहेबांची पाहणी फार सोपी झाली. त्यांना पोट सुटलं. मग डबकंही गेलं.

महाराजांनी परिषदेला कळवलं, 'यंदा आमच्या तळ्यातून कुणी थेंबभरही पाणी प्यायलं नाही.' अक्षरन्‌अक्षर खरं होतं. परिषदेनं पदक पाठवलं.

इकडे चिंगी उठेना. डोळे उघडायची आणि मिटायची. 

"मेलं ते महामंडळ!" भागी म्हणाली आणि सुक्या ओढ्याच्या वाळूत मुसकट खुपसून उकरायला लागली. नाक सोलवटलं तरी थांबली नाही. अस्वलानं ते पाहिलं आणि मुकाट्यानं नखं घातली. सांबर आलं. साळिंदरं आली. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. जुनी रीत अंगात होती, एवढंच.

खोल गेल्यावर वाळू ओली लागली आणि झिरा फुटला. चिंगी प्यायली, शिंकली आणि उठून उभी राहिली. भागी ढसाढसा रडली. अस्वलसुद्धा रडलं, पण ते म्हणालं की डोळ्यात वाळू गेली.

सकाळी बगळेसाहेब हजर! मागं फलक. 'शाश्वत झिरा प्रकल्प. तळे संवर्धन महामंडळ.' महाराजांनी उद्घाटन केलं. भागीला शाल आणि श्रीफळ मिळालं. टाळ्या झाल्या आणि टाळ्या चालू असतानाच झिऱ्यालाही काटेरी कुंपण पडलं.

"आणि पाणी?" भागीनं विचारलं.

"पुढच्या पिढीसाठी," साहेब प्रेमानं म्हणाले.

चिंगी कुजबुजली, "आई, आपण पुढची पिढी कधी होणार?"

"या जन्मी नाही, बाळा."

भागीनं शाल तिथंच टाकली. पोरांना घेऊन ती ओढ्याच्या वरच्या अंगाला गेली, करवंदीच्या जाळीत. तिथं तिनं पुन्हा उकरलं. पाणी लागलं. पिल्लं पोटभर प्यायली. मग तिनं झिऱ्यावर पालापाचोळा पसरला आणि त्यावर स्वतः बसली.

तेवढ्यात अस्वल आलं. जीभ बाहेर लोंबत होती.

"भागे, कुठं पाणी लागलं का गं?"

भागीनं त्याच्याकडे पाहिलं. याच अस्वलानं चिंगीसाठी नखं झिजवली होती. तिला ते आठवलं. तिला फलकही आठवला.

"नाही रे भाऊ," ती म्हणाली.

अस्वल डोंगरापलीकडच्या नदीच्या वाटेला लागलं. भागी पाचोळ्यावर बसून राहिली. तिला फार लाज वाटली, पण ती उठली नाही.

तात्पर्य: तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं थोर लोक सांगतात. खणलीच, तर पाणी लागल्याचं कुणाला सांगू नये. नाहीतर तिचा विकास होतो.