वहिनींची अंगठी आणि भाऊजींचं बोट

अंगठी बोटात घातली तेव्हा भाऊजींचं वजन सत्तर किलो होतं, आणि ती निघेना तेव्हा ते पंचाहत्तर झालं होतं. सगळा घोटाळा मधल्या पाच किलोंचा.

भाऊजी हे त्यांचं घरातलं नाव. पोस्टरवर त्यांना ‘पोलाद’ म्हणत. जाळीच्या पिंजऱ्यात उतरायचं आणि समोरच्याशी ठोसे, लाथा आणि कुस्ती अशा तिन्ही भाषांत बोलायचं, हा त्यांचा अकरा वर्षांचा धंदा. चोवीस लढती, सतरा विजय, दोनदा नाक, एकदा बरगड्या. गट मात्र हलक्या वजनाचा. त्या गटात लढायचं तर आदल्या दिवशी सकाळी काटा सत्तरच्या पुढे सरकता कामा नये. म्हणून दहा दिवस आधीपासून भाऊजी स्वतःला ओल्या चादरीसारखं पिळून काढत. आधी मीठ बंद, मग भात बंद, शेवटी पाणीसुद्धा बंद. एकदा वजन झालं की दिवसभर खात-पीत सुटायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गेलेलं सगळं अंगावर परत.

त्या दिवशी सकाळी वजन देऊन भाऊजी घरी आले, तेव्हा वहिनी कणीक मळायला बसत होत्या. भाऊजींचे गाल आत गेलेले, ओठ पांढरे. वहिनींनी बोटातली लग्नातली अंगठी काढली आणि ठेवायला जागा शोधू लागल्या.

“भाऊजी, ही धरा जरा. मागच्या वेळी मोरीच्या जाळीत जाता जाता वाचली.”

भाऊजींच्या चड्डीला खिसा नव्हता. त्यांनी अंगठी सरळ डाव्या हाताच्या करंगळीत सरकवली. दहा दिवस वाळलेलं ते बोट. अंगठी अशी गेली, जशी खुंटीवर टोपी. मग त्यांनी मीठसाखरेचं पाणी प्यायला सुरुवात केली. दोन बाटल्या, मग उकडलेले बटाटे, मग भात, मग पुन्हा दोन बाटल्या. वहिनी वाढत होत्या, भाऊजी जेवत होते आणि अंगठीची आठवण दोघांनाही नव्हती. जेवून ते आडवे झाले ते थेट तीन वाजता उठले.

उठल्यावर तोंड धुताना त्यांना करंगळी दिसली. अंगठीच्या खाली बोट, अंगठीच्या वर बोट, आणि मधे अंगठी अशी रुतलेली, जणू झाडाच्या खोडात जुनी तार.

“वहिनी,” भाऊजी हळूच म्हणाले, “साबण कुठे आहे?”

साबण झाला, तेल झालं, बर्फाच्या भांड्यात हात बुडवून झाला. वहिनींनी ओढलं, भाऊजींनी ओढलं, मग वहिनींनी भाऊजींच्या पोटाला पाय टेकवून ओढलं. ज्या पोटावर रोज शंभर लाथा झेलायचा सराव होता, त्याला वहिनींच्या पायाचं काही वाटलं नाही. बोट मात्र लाल झालं आणि आणखी फुगलं.

“राहू दे बाई बोटातच,” वहिनी धापा टाकत म्हणाल्या. “तुमचे दादा फिरतीवरून परवा येतील, तोवर उतरेल सूज.”

“वहिनी, उद्या लढत आहे. अंगावर धातू चालत नाही. हाताला पट्ट्या बांधताना पंच समोर उभा असतो.”

“मग काय करतील?”

“लढू देणार नाहीत.”

वहिनी मटकन खाली बसल्या. भाऊजी चौतिसाव्या वर्षात होते. ही लढत जिंकली तर विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी लढायला मिळणार होतं. हरले तर पुन्हा बोलावतील की नाही, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. आणि इथे तर न लढताच सगळं संपायची पाळी आली होती, तीही कणकेपायी.

भाऊजींनी वस्तादांना, म्हणजे त्यांना लढत शिकवणाऱ्या गुरूंना, फोन लावला. वस्तादांचा आवाज फोनची गरज नसल्यासारखा होता.

“अंगठी? कोणाची? वहिनीची? अरे, अकरा वर्षं पिंजऱ्यात काढलीस, आणि आता स्वयंपाकघरात अडकलास? सोनाराकडे जा. मी पोचतोच. आणि ऐक, काही उचलू नकोस!”

गल्लीच्या टोकाला सोनाराचं दुकान होतं. सोनार किडकिडीत, साठीचा, डोळ्याला भिंग लावल्याशिवाय जगाकडे न पाहणारा माणूस. त्याने भाऊजींचा हात गादीवरच्या उशीवर घेतला आणि भिंग लावलं.

“काका, निघेल ना?” वहिनींनी विचारलं.

“थांबा ताई.” सोनार अंगठी पाहतच नव्हता. “चाळीस वर्षं हात बघतोय मी. हा हात आहे की आल्याचा गड्डा? हे पेर असं वर का आलंय?”

“ती तिसरी लढत,” भाऊजी म्हणाले. “ठोसा त्याच्या कपाळावर बसला. कपाळ टणक होतं.”

“आणि हे?”

“नववी. पहिल्याच मिनिटाला मोडलं.”

“मग लढत थांबवली?”

“नाही. अजून चौदा मिनिटं होती.”

सोनाराने भिंग काढून भाऊजींच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा भिंग लावलं. एकेका बोटावरून तो असा पुढे सरकत होता, जसा एखादा जुना दागिना वाचावा. हे बोट कुठे मोडलं, हे कसं जुळलं, हे वाकडं का राहिलं. भाऊजी दुकानातला भाव सांगावा तसे सांगत होते. बाहेर दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती, त्यांनाही मागे फिरावंसं वाटेना. वहिनीसुद्धा ऐकत होत्या. एकाच घरात राहून त्यांना यातलं निम्मंही ठाऊक नव्हतं. लढतीच्या दिवशी त्या टीव्ही बंद करून कपडे धुवायला बसत, आणि भाऊजी घरी आल्यावर फक्त विचारत, “जेवणार ना?”

“करंगळीचं काय झालं होतं?” सोनाराने अखेर विचारलं.

“ही मोडली नाही, निखळली. चार वेळा.”

तेवढ्यात वस्ताद आले आणि दुकान लहान झालं.

“कापा!” त्यांनी फर्मावलं.

“बोट?” सोनार दचकला.

“अंगठी हो!”

सोनाराने रेशमी दोरा गुंडाळून पाहिला. दोरा तुटला. दुसरा गुंडाळला, तो पेरापाशी येऊन अडला. मग त्याने नाइलाजाने खणातून बारीक करवत काढली. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला, पण आवाज खणखणीत ठेवला.

“कापा काका. पुन्हा जोडता येते अंगठी. माणसाचं तसं नसतं.”

“थांबा,” भाऊजी म्हणाले. “सोळा वर्षांत कणीक सोडली तर दुसऱ्या कशासाठीही तुम्ही ही बोटातून काढली नाही. दादा आजारी होता, घरावर काय काय वेळ आली, तेव्हाही नाही. आणि आज माझ्या करंगळीसाठी कापायची?”

“अहो, पण निघत नाही ना!”

“पेर आडवं येतंय. पेर बाजूला केलं की निघेल.” त्यांनी उजव्या मुठीत करंगळी धरली. “काका, तुम्ही जरा तिकडे बघा.”

सोनार तिकडे बघणार होता, पण चाळीस वर्षांची सवय. भिंग लावलेला डोळा जागचा हलला नाही. भाऊजींनी श्वास सोडला आणि करंगळी सरळ पुढे ओढली. कटकन आवाज झाला. बोट होतं त्याहून लांब दिसलं. वस्तादांनी तेलात न्हालेली अंगठी गरागरा फिरवत पेरावरून पार केली. पुन्हा एकदा कटकन आवाज झाला आणि बोट जागेवर गेलं. अंगठी उशीवर पडली, ना तडा, ना ओरखडा.

“दुखलं?” वहिनींनी विचारलं.

“थोडं,” भाऊजी म्हणाले. त्यांच्या कपाळावर घामाचे टपोरे थेंब होते.

सोनार भिंगासकट हळूहळू डावीकडे कलला आणि गादीवरून खाली घरंगळला. भाऊजींनी पुढे वाकून त्याला अलगद उचललं आणि बाकावर निजवलं.

“काही उचलू नकोस म्हणून सांगितलं होतं ना!” वस्ताद ओरडले.

शुद्धीवर आल्यावर सोनाराने पाणी मागितलं नाही. “उद्या किती वाजता आहे?” एवढंच त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी करंगळी वांग्यासारखी जांभळी होती. खरी धाकधूक डॉक्टरांच्या तपासणीची. भाऊजी दोन्ही हात पुढे करून बसले. डॉक्टरांनी चष्मा सावरला, हात उलटे केले, सुलटे केले.

“नवी दुखापत?”

“एका बोटाला आहे,” भाऊजींनी प्रामाणिकपणे सांगितलं.

डॉक्टरांनी दहाही बोटं पुन्हा निरखली. “कोणत्या?”

भाऊजींनी करंगळी दाखवली. डॉक्टरांनी मूठ वळायला लावली, उघडायला लावली, फोटो काढून हाड पाहिलं आणि मान हलवत सही केली. “हाड शाबूत आहे. शेजारच्या बोटाला बांधून घ्या. बाकीच्यांपेक्षा हेच बरं दिसतंय.”

संध्याकाळी सोनार दुकान बंद करून, इस्त्रीचा सदरा घालून दारात हजर. हातात दोन तिकिटं. “ताई, तुम्हीही चला. एकट्याने बघायची माझी छाती नाही.”

“मी आजवर कधी गेले नाही हो.”

“मी तरी कुठे गेलोय!”

अशा रीतीने ज्या दोघांना रक्त पाहवत नव्हतं, ते तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. दिवे मंदावले आणि भाऊजी पिंजऱ्यात आले. वहिनींना ते आधी ओळखूच आले नाहीत. घरात भिंतीच्या कडेकडेने चालणारा, ताट स्वतः घासून ठेवणारा हा माणूस तिथे वाऱ्यासारखा फिरत होता. ठोसा येण्याआधीच डोकं बाजूला, लाथ येण्याआधीच पाऊल मागे. समोरचा मानेने बैल, दहा वर्षांनी लहान. त्याचा फटका बसला की त्याचा आवाज आधी कानात आणि मग पोटात ऐकू येई. वहिनींनी डोळे मिटायचे ठरवले होते, ते मिटेनातच. सोनार हात जोडून बसला होता, कोणाला ते त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या फेरीत भाऊजी पडले. सभागृह उभं राहिलं. वहिनीही उभ्या राहिल्या आणि रोज सकाळी सहाला त्यांना उठवायला लावतात तो सूर लावला. “भाऊजीऽऽ! उठा!”

भाऊजी उठले. लढत संपल्यावर वस्ताद शपथेवर सांगत होते, की सवयीने उठले. तिसऱ्या फेरीत त्यांनी समोरच्याला जमिनीवर आणलं, मागून मानेला हाताचा विळखा घातला आणि बसले धरून. दहा सेकंद, वीस सेकंद. बैलाने जमिनीवर तीनदा थाप मारली. हार कबूल. सोनार रडत होता. वहिनी नुसत्या पाहत होत्या. सोळा वर्षं आपण जेवायला वाढतो तो हा माणूस, हे त्यांच्या डोक्यात मावत नव्हतं.

सगळं आटोपल्यावर त्या आतल्या बोळात गेल्या. बाकावर दोघेही शेजारी शेजारी बसले होते, भाऊजी आणि तो बैल. एकाचा डावा डोळा बंद, दुसऱ्याचा उजवा. भाऊजींच्या हातात पाण्याची बाटली होती आणि झाकण फिरत नव्हतं. त्यांनी ती बैलाकडे दिली. त्यानेही खटपट केली आणि परत दिली. वहिनींनी बाटली घेतली, झाकण उघडलं, मग दुसरी बाटलीही उघडून बैलाच्या हातात दिली.

“थँक्यू वहिनी,” तो म्हणाला. त्याचा फोन मघापासून मांडीवर वाजत होता. “आईचा आहे. बोटांनी उचलताही येईना, आणि ओठ असा सुजलाय की तिला बोलणं कळायचं नाही.”

वहिनींनी फोन कानाला लावला. “हॅलो, मी त्यांची... मी त्या दुसऱ्याची वहिनी बोलतेय. हो, तुमचा मुलगा बरा आहे. हरला, पण काय लढला! नाही, जेवला नाही अजून.”

पलीकडून म्हाताऱ्या आवाजात प्रश्न आला, “आणि तो जिंकलेला? तो कसा आहे?”

वहिनींनी भाऊजींकडे पाहिलं. ते दोन्ही तळहातांत बाटली धरून पाणी पीत होते, निम्मं सांडत होते.

“बरा आहे,” वहिनी म्हणाल्या. “झाकण मात्र मीच उघडून दिलं.”

“आमच्याकडेही झाकणं मीच उघडते, बाई,” पलीकडची आई म्हणाली.