सातव्या नंबरची दाढी

माणसाने चहा पिताना कुठलाही फॉर्म भरू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. दुपारचा चहा पोटात गेला की मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागतं. (माझगावच्या ज्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं आवक-जावक सांभाळतो, तिथे असं वाटायला दुसरं काही निमित्त नसतं.) त्या दिवशी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर एका कॉलेजचं पत्र आलं होतं. कला आणि संस्कृतीच्या क्षेत्रात करिअर करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना एकशे वीस तास कामाचा अनुभव हवा आहे, इच्छुक संस्थांनी फॉर्म भरावा.

मला संस्था नाही. पण माझे वडील, दगडू सावंत, परळच्या मिलमध्ये होते आणि पाळी सुटली की कामगारांच्या नाटकांची रंगभूषा करायचे. त्यांची पेटी, टोप, दाढ्या सगळं आमच्या लालबागच्या खोलीत माळ्यावर पडून होतं. मी संस्थेच्या नावापुढे लिहिलं, 'दगडू सावंत रंगभूषा संग्रह'. पद : संचालक. कर्मचारी : दोन. वेळ : अकरा ते चार. संपर्कासाठी दर्शनाचा, म्हणजे बायकोचा नंबर दिला, कारण त्या वेळात मी घरी नसतो. चहा संपला आणि मी माझी संस्था साफ विसरलो.

हे दर्शनाला सांगायचं राहून गेलं, कारण आमच्यात अबोला होता. दिवाळीची साफसफाई चालली असताना मी तिला म्हटलं होतं, माळा तेवढा काढून घे. ती म्हणाली, मी हात लावला की दाढ्या हरवतात, तुम्हीच काढा. यामागे बावीस वर्षांचा इतिहास आहे. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिने माळा साफ केला आणि बाबांची ऋषीची दाढी गायब झाल्याचं लक्षात आलं. ती दाढी बाबांनी चार महिने बसून केस केस गुंफून केली होती. सुनेने कचऱ्यात टाकली, असं त्यांनी धरून ठेवलं. तोंडाने काही बोलले नाहीत, पण जाईपर्यंत तिला पेटीला हात लावू दिला नाही. (दाढी कुठे गेली हे एका माणसाला माहीत होतं. तो मी.) तर, जुनं कशाला उकरतेस, असं मी म्हणालो आणि तिने बोलणं बंद केलं. बोलायचं ते फ्रिजवर चिठ्ठीने. 'गॅस संपलाय.' 'दूध आणा.'

अबोल्याला दोन आठवडे झाल्यावर, एका सोमवारी मी साडेसहाला घरी आलो. त्या वेळेला दर्शना भजनाला जाते, म्हणून मीच कुलूप काढलं. दिव्याच्या बटणाकडे हात नेला आणि तिथेच थांबलो. खिडकीत बाबांचा मेकअपचा आरसा उभा होता. जरासा डावीकडे कललेला, बाबा ठेवायचे तसाच. त्यात मी दिसत होतो आणि माझ्या मागे काळोखी गॅलरी. हा आरसा चौदा वर्षं माळ्यावर होता. मी शिडी लावून तो परत वर ठेवला आणि चिठ्ठी लिहायला घेतली. पण आधी आपण का लिहायचं, म्हणून फाडून टाकली.

मंगळवारी आरसा पुन्हा खिडकीत, आणि कपड्यांच्या दोरीवर ओळीने सहा दाढ्या. पंखा बंद, वारा नाही, तरी शेवटची दाढी हळूहळू हलत होती. खोलीभर दाढ्या चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास. माझ्या लहानपणी हा वास आला की बाबा आले असं समजायचं. मी सगळं गोळा करून वर टाकलं आणि दर्शना येईपर्यंत गॅलरीत उभा राहिलो. शेजारच्या मनूने विचारलं, काका, उकडतंय का? मी म्हटलं, खूप. (थंडी वाजत होती.)

बुधवारी बाबांच्या खुर्चीत लाकडी डोकं होतं. त्यावर टोप, तोंड दाराकडे. शेजारी स्टुलावर कोऱ्या चहाचा कप. कप हाताला गरम लागला. आमच्या घरात कोरा चहा फक्त बाबा प्यायचे.

गुरुवारी स्टुलावर वही होती, बाबांच्या सामानाची यादी. जुन्या अक्षरांसमोर लाल शाईच्या ताज्या खुणा. एक बरोबर, दोन बरोबर, सहापर्यंत सगळं बरोबर. आणि पुढे, 'क्र. ७, ऋषीची दाढी. कुठे आहे?'

मी खालीच बसलो. मी चोपन्न वर्षांचा माणूस आहे, पण त्या वेळी मला बाबांची भीती वाटली ती सहावीत नापास झालो होतो तेव्हाच्यासारखी.

शुक्रवारी ऑफिसात शामरावांना सांगितलं. शामराव मालवणकडचे, असल्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, म्हातारा हिशेब मागतोय, नारळ ठेवून गाऱ्हाणं घाल. आणि जे केलंस ते नावानिशी, मोठ्याने बोल. आडून बोललेलं गेलेल्या माणसांना समजत नाही.

मी हाफ डे टाकला आणि नारळ घेऊन तीन वाजता घरी पोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कोणी नाही, पडदे ओढलेले. खुर्चीतलं डोकं माझ्याकडे बघत होतं. मी त्याच्यापुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि गावच्या भाषेत, जमेल तेवढ्या जोरात सुरुवात केली.

"बा म्हाराजा, आज हो तुझो झील धनेश तुझ्यासमोर उभो आसा."

"व्हय म्हाराजा," वरून आवाज आला.

गाऱ्हाण्याला हे उत्तर जमलेल्या लोकांनी द्यायचं असतं. लोक नव्हते. पळावंसं वाटलं, पण अर्धं गाऱ्हाणं सोडणं त्याहून वाईट, म्हणून मी डोळे मिटले.

"ती सातव्या नंबरची दाढी दर्शनान टाकूक नाय. ती मिया नेलंय."

"व्हय म्हाराजा." या वेळी दोन आवाज होते. दुसरा स्वयंपाकघरातून.

मग मी थांबलोच नाही. ऑफिसच्या गॅदरिंगला ऋषी झालो होतो, दाढी न विचारता नेली होती, एकच वाक्य होतं आणि तेही विसरलो, लोक हसले. गिरगावातून टॅक्सीने परत येताना भायखळ्याच्या पुलावर रागाने दाढी खिडकीबाहेर भिरकावली. बाबांनी दर्शनावर ठपका ठेवला तेव्हा मी समोर बसून पोहे खात होतो आणि गप्प राहिलो. "तिची काय एक चूक नाय," मी म्हणालो आणि मला रडू आलं.

या वेळी व्हय म्हाराजा आलं नाही. डोळे उघडले तर माळ्यावरून पांढरे हातमोजे घातलेली, कपाळावर दिवा बांधलेली एक मुलगी शिडीने उतरत होती.

"सॉरी सर. आमच्या गावाला गाऱ्हाण्याला मी नेहमी असते, तोंडातून आपोआप गेलं," ती म्हणाली. "मी ऋग्वेदा. तुमची इंटर्न."

माझा फॉर्म मंजूर झाला होता. फोन दर्शनाला गेला आणि तिने मला न विचारता मुलीला सोमवारी बोलावून घेतलं. रोज चारपर्यंत वस्तू साफ करायच्या, नोंदवायच्या आणि दर्शनाला विचारून, बाबा ठेवायचे त्याच जागी मांडायच्या. पण सकाळी आलं की सगळं आपोआप माळ्यावर गेलेलं. घाबरून ती बॅगेत कापूर घेऊन यायला लागली होती. तरी सोडून गेली नाही, कारण एका म्युझियमची नोकरी तिला या सर्टिफिकेटवर मिळणार होती.

"चहाचा कप मात्र मी ठेवला होता," दर्शना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली. एकोणीस दिवसांनी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. मग ती खुर्चीजवळ येऊन उभी राहिली. "बाबा गेले तेव्हासुद्धा पेटी मी उचलली नाही. शेजारच्यांना उचलायला लावली. ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. मी माफी मागितली. तिने पेटी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि कडी उघडून बसली.

ऋग्वेदा जरा अवघडून म्हणाली, मॅडमच्या आठवणींसाठी रेकॉर्डर चालूच होता, सगळं आलंय, पुसू का? दर्शना म्हणाली, अजिबात नाही.

ऋग्वेदाचे एकशे वीस तास महिनाभरात पूर्ण झाले आणि नोकरी मिळाली. सर्टिफिकेटवर संचालक म्हणून दर्शनाने सही केली. कॉलेजच्या फॉर्मवर 'संचालकांचं मार्गदर्शन' असा रकाना होता. ऋग्वेदाने 'उत्तम' लिहिलं आणि खाली टीप दिली, आधीचे संचालक एकदाच भेटले, तेव्हा ते खुर्चीशी बोलत होते.

संस्था आता खरोखर चालू आहे. दर रविवारी अकरा ते चार मी हजर असतो, कारण नव्या संचालकांनी मला इंटर्न म्हणून घेतलं आहे. ऋषीची नवी दाढी मी केस केस गुंफून करतोय, तीन बोटं झाली. एकशे वीस तास भरले की सर्टिफिकेट मिळेल का, ते नक्की नाही. पहिल्या महिन्याचा शेरा फ्रिजवर लागलाय : 'काम बरं. दाढ्यांसोबत टॅक्सीत बसू देऊ नये.'