दहापर्यंतच बघणारे गर्जे सर

आमचे गर्जे सर मायक्रोस्कोपमध्ये दहा आकड्यांपेक्षा जास्त वेळ कधीच बघत नाहीत. मोठ्याने मोजतात. 'धा' म्हटलं की निळा दिवा बंद. मग समोर जगातलं आठवं आश्चर्य का असेना.

नगरजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी तपासतो. पेशीतल्या एका प्रथिनाला हिरवं चमकणारं शेपूट जोडायचं, नवीन प्रथिन बनणं औषधाने थांबवायचं आणि दर अर्ध्या तासाने फोटो काढायचा. चमक जितकी उतरेल, तितकं प्रथिन पेशीने मोडलं असं समजायचं. गोम एवढीच, की दिव्याखाली जास्त वेळ ठेवलं तर चमक नुसत्या उजेडानेही विझते. "बगून बगून बी जिनसा झिजत्यात," हे सरांचं ठरलेलं वाक्य. कांदा मात्र त्यांच्या तिसगावच्या शेतातलाच हवा. बाजारातला 'परवासानं दमलेला' असतो म्हणे.

एका शुक्रवारी मी माती खाल्ली. आईचा फोन आला, मी बोलत बसले आणि दिवा तसाच राहिला. परत बघते तर चमक साफ गेलेली! मला वाटलं, प्रथिन विक्रमी वेगाने मोडलं. सोमवारी समितीपुढे निकाल मांडायचा होता, त्यावरच माझी शिष्यवृत्ती टिकणार होती. मी नाचतच सरांना फोटो दाखवायला गेले.

सर उठले, थेट मायक्रोस्कोपपाशी गेले आणि दिव्याला हात लावून बघितला. "मोडलं न्हाई, पोरी. तू भाजलंस त्याला."

मला रडूच फुटलं. सर पिशवी उचलून निघून गेले. रागावले असणार, असं मी धरून चालले.

रविवारी सकाळी टेबल आवरायला गेले, तर सर आत होते. शनिवारीच येऊन त्यांनी पापुद्रे नव्याने तयार केले होते. डब्यांवर माझं नाव. दोन फोटो काढूनही झाले होते.

"सर, सुट्टीच्या दिवशी कशाला?"

"तुझी काकू गेल्यापास्नं रविवार लई लांब झालाय," पेन्सिलीला टोक काढत ते म्हणाले. "घरात भांडं बी वाजत न्हाई. तू चुकलीस म्हनून ह्यो तरी सरंल."

दोन वर्षं आम्ही पोरं त्यांना हसत होतो. तेच तेच प्रयोग पुन्हा करायची म्हाताऱ्याला हौसच आहे, म्हणायचो. मला स्वतःची लाज वाटली.

सोमवारी समितीने निकाल मान्य केला. पुढच्या रविवारी मला प्रयोगशाळेत काहीच काम नव्हतं. तरी मी दोन माणसांचा डबा घेऊन तिथे गेले.