अठ्ठ्याऐंशी नंबरचा धावपटू

डिचोलीत खेळाचे फोटो काढावेत तर मीच, असं माझं मत आहे आणि ते मी कुणापासून लपवलेलं नाही. म्हणून डिचोलीहून सर्वणला जाऊन परत यायच्या दौडीच्या आयोजकांना मी सांगून टाकलं, "दौड संपल्यावर तासाभरात प्रत्येकाच्या मोबाईलवर त्याचा फोटो. जबाबदारी माझी."

धावणारे सहाशे. माझ्या कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे कच्च्या फाईलचे दोन आकार आहेत. मोठ्या फाईलमध्ये सगळं बारीकसारीक दिसतं, पण धडाधड फोटो काढत गेलं की तिसऱ्या सेकंदाला कॅमेऱ्याला धाप लागते. लहान फाईलवर तो थकत नाही, कार्ड भरत नाही, आणि रंग-उजेड नंतर सुधारायची सोय तशीच राहते. जातो तो फक्त बारकावा. धावणाऱ्या माणसात बारकावा कोण बघतो, म्हणत मी लहान फाईल लावली आणि हॉटेलासमोरच्या वळणावर उभा राहिलो.

एका फोटोत वीस-वीस जण आले. घरी येऊन एकेकाला कापून वेगळं काढलं, छातीवरचा नंबर वाचला, यादीतला मोबाईल शोधला आणि पाठवून दिला. एकच नंबर नीट लागेना. टोपी, दौडीचा सगळ्यांना दिलेला पिवळा टी-शर्ट, दोन्ही पाय हवेत. अडतीस असेल किंवा अठ्ठ्याऐंशी. मी अठ्ठ्याऐंशी धरला.

अठ्ठ्याऐंशी म्हणजे माझा शेजारी गौरेश. त्याची साखर वाढल्यामुळे त्याच्या बायकोने, सुविधा वहिनींनी, स्वतःच त्याचा फॉर्म भरला होता आणि मोबाईल नंबरही आपलाच दिला होता. फोटो त्यांना गेला. दहा मिनिटांत तो त्यांच्या स्टेटसवर होता. दुपारपर्यंत पेडण्यापासून दोडामार्गापर्यंतच्या पाहुण्यांनी गौरेशचं अभिनंदन केलं.

संध्याकाळी गौरेश मागच्या दाराने माझ्याकडे आला.

"सागर, तो मी नाय."

"म्हणजे?"

"मी धावूकच नाय रे. सुरवातीक जरा धावलंय, मगे हॉटेलात जावन बसलंय."

"मग वहिनींना खरं सांग."

"कसा सांगू? सासऱ्यान माझ्या नावान देवाक नारळ ठेयलो."

खरं सांगायचं म्हणजे माझीही चूक सांगावी लागणार. एक नंबर चुकला म्हटल्यावर बाकीचे पाचशे नव्याण्णव लोकही आपापले फोटो निरखून बघणार. आम्ही दोघांनी गप्प राहायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. "सागरभावजी, हा फोटो मला मोठा हवा. दोन फूट बाय तीन फूट. हॉलमध्ये लावणार."

मागे उभा राहून गौरेश नको-नको म्हणून मान हलवत होता. मी म्हटलं, "वहिनी, पोस्टकार्डाएवढाच शोभून दिसेल."

"का? डिचोलीत तुमच्यासारखा फोटोग्राफर नाही म्हणता ना?"

मी छापून दिला. चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले होते, न्हाणीघरातल्या फरशीसारखे. वहिनींनी जवळ जाऊन पाहिलं. "किती ओढलाय चेहरा. एवढे धावले बिचारे."

गौरेशचा जीव भांड्यात पडला. बाहेर येऊन त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "तुझी ती बारकी फाईल लय बरी रे."

खरं सांगतो, मलाही त्या वेळी अभिमान वाटला.

रविवारी वहिनींनी चहाला मला आणि चंद्रावती टीचरना बोलावलं. त्या शाळेत वहिनींच्या खेळाच्या टीचर होत्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी चालणं अजून शिट्टी वाजल्यासारखं. टीचर फोटोजवळ गेल्या, चष्मा चढवला, उतरवला. मग बशी हातात घेऊन सरळ दारापर्यंत मागे सरकल्या. लांबून बघितलं की चौकोन एकमेकांत मिसळतात आणि चेहरा उमटतो, हे मला ठाऊक होतं.

"सुविधा," टीचर म्हणाल्या, "ही तर मी."

वहिनी कधी फोटोकडे, कधी टीचरकडे बघू लागल्या.

"माझा नंबर अडतीस. ही टोपी माझ्या लेकीने मस्कतहून आणलेली. मला फोटो आलाच नाही, म्हटलं माझा काढायचा राहिला असेल."

वहिनींनी कप खाली ठेवला. "मग हे कुठे आहेत?"

"हे काय इथे." टीचरनी पुढे येऊन फोटोतल्या स्वतःच्या खांद्यामागे दिसणाऱ्या हॉटेलाच्या बाकावर बोट ठेवलं. तिथे एक पिवळा ठिपका होता. "मी धावत गेले तेव्हा हातात भाजी-पाव घेऊन उठून उभे राहिले. म्हणाले, 'टीचर, चलात, चलात.' मला फार बरं वाटलं हो."

गौरेश छताकडे बघत होता. वहिनी माझ्याकडे वळल्या.

"भावजी, नीट बघून सांगा. पातळ भाजी होती की सुकी?"

मी ठिपक्याला नाक लावून पाहिलं. मग दारात जाऊन पाहिलं.

"वहिनी," मी म्हटलं, "मोठी फाईल असती तर तेही सांगितलं असतं."